सुतारकाम शिकलेला क्लोझे आणि वर्ल्ड कपचे 16 गोल : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात फुटबॉलवर लिहिताना जाता जाता एक ओळ टाकली होती, की वर्ल्ड कपमध्ये 16 गोल मारणारा जर्मनीचा मिरोस्लाव क्लोझे विसाव्या वर्षापर्यंत एका खेडेगावच्या टीमकडून खेळत होता आणि सुतारकाम शिकलेला होता. त्या एका ओळीवर जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांतून इतके प्रश्न आलेत की यावेळचं पान पूर्ण त्यालाच दिलंय. खान्देशात क्रिकेट सोडून दुसऱ्या खेळाबद्दल लोक एवढं विचारतात याचा मनापासून आनंद झाला, त्यामुळे काही उत्तरं ऐसपैस झालीत, सांभाळून घ्या. नावं छापली नाहीत, फक्त गावं दिलीत.

प्रश्न : सर, मी भुसावळचा. वय 19, आयटीआयला कारपेंटर ट्रेड करून राहिलो. संध्याकाळी रेल्वेच्या ग्राउंडवर खेळतो, सेंटर फॉरवर्ड. मित्र म्हणतात आता काय उपयोग भो, मेस्सी तेरा वर्षांचा असताना बार्सिलोनाला गेला होता. क्लोझेचं ते खरंच आहे का नेटवरची गोष्ट आहे? आणि माझं वय गेलं का?

उत्तर : खरं आहे मित्रा, शंभर टक्के खरं. क्लोझेचा जन्म 9 जून 1978 चा, पोलंडमधल्या ओपोले शहरातला. आठ वर्षांचा असताना तो जर्मनीत कूझेल नावाच्या छोट्या गावी आला आणि तिथे जवळच्याच ब्लाउबाख-डीडेलकॉप्फ या गावच्या क्लबात खेळत मोठा झाला. जर्मन फुटबॉलच्या उतरंडीत हा क्लब सातव्या पायरीवरचा, म्हणजे दिवसभर कामधंदा करून संध्याकाळी बूट चढवणाऱ्या लोकांची टीम. शाळेनंतर त्याने सुतारकामाची अप्रेंटिसशिप केली, आणि हे टेबल-खुर्च्यांचं काम नाही बरं का, घराच्या छपराचं लाकूडकाम, वासे चढवायचे, मापं घ्यायची, उंचावर उभं राहून जोड बसवायचे असलं.

आता पुढची वर्षं नीट बघ, कारण खरी गोष्ट इथेच आहे आणि लोक इथूनच उडी मारून 16 गोलांवर जातात. 1998 मध्ये, विसाव्या वर्षी, तो शेजारच्या होम्बुर्ग गावच्या क्लबात गेला, तो क्लबही काही फार मोठा नाही. 1999 ला कायझरस्लाउटर्नने घेतलं, पण थेट मेन टीममध्ये नाही, सुरुवात त्यांच्या दुसऱ्या टीममध्ये. एप्रिल 2000 मध्ये बुंडेसलीगाची, म्हणजे जर्मनीच्या सगळ्यात वरच्या लीगची, पहिली मॅच, तेव्हा बावीस पूर्ण व्हायला दोन महिने बाकी होते. 24 मार्च 2001 ला जर्मनीकडून पहिली मॅच, अल्बानियाविरुद्ध, स्कोअर 1-1, हा सब म्हणजे बदली खेळाडू म्हणून आत आला आणि 88व्या मिनिटाला विनिंग गोल मारला. आणि 30 जून 2002 ला योकोहामात वर्ल्ड कपची फायनल, समोर ब्राझील. 1998 चा उन्हाळा ते 2002 चा उन्हाळा, मध्ये फक्त चार वर्षं, आणि त्यात एकही पायरी त्याने गाळलेली नाही. सातवीतून एकदम पहिलीत कोणी उचलून ठेवलं नाही त्याला, प्रत्येक ठिकाणी आधी तिथल्या लोकांना तो भारी पडला मग पुढच्याने बोलावलं.

तुझ्या वयाचं विचारशील तर गोड बोलून मी तुला फसवणार नाही. जर्मनीत ती शिडी खालपासून वरपर्यंत जोडलेली आहे, गावच्या टीमची मॅचसुद्धा अधिकृत लीगची असते, टीम वर चढते, खाली पडते, वरच्या क्लबचा माणूस येऊन बघून जातो. आपल्याकडे तू रेल्वे ग्राउंडवर संध्याकाळी तीन गोल मारलेस तर ते कुठल्याच वहीत जात नाहीत. म्हणून तुझं पहिलं काम, जिथे खेळ नोंदला जातो तिथे खेळायचं. जिल्हा संघटनेशी जोडलेल्या एखाद्या क्लबात नाव घाल, ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशनच्या ऑनलाइन सिस्टीमवर खेळाडू म्हणून नोंदणी असते ती क्लबमार्फत करून घे. आयटीआय झाल्यावर कॉलेजला अ‍ॅडमिशन घेतलीस तर उमविच्या, म्हणजे आपल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या, टीमचा रस्ता उघडतो, तिथून आंतरविद्यापीठ स्पर्धा. जिल्ह्यातून राज्याच्या निवडीपर्यंत गेलास तर पुढे संतोष ट्रॉफी आहे, राज्यांच्या टीमची राष्ट्रीय स्पर्धा. रेल्वेत अधूनमधून स्पोर्ट्स कोट्याची भरती निघते पण त्याला वरच्या पातळीची सर्टिफिकेटं लागतात, ग्राउंडवरची वाहवा चालत नाही.

आणि ट्रेड सोडू नको. मेस्सीचं तुझ्या मित्रांनी सांगितलं ते बरोबरच आहे, पण फुटबॉल खेळणारे सगळे मेस्सीसारखेच वर येत नाहीत, काही क्लोझेसारखेही येतात. एकोणिसाव्या वर्षी त्याच्याकडे काय होतं तर चांगली उडी, पळायची तयारी आणि हातात एक धंदा. मे महिन्यात सकाळी सहाला ग्राउंडवर जात जा, आपल्याकडच्या उन्हात दुपारी प्रॅक्टिस करून शरीर मोडून घ्यायचं नाही.

प्रश्न : मी अमळनेरहून लिहितेय. मुलगा बारावी सायन्सला आहे, सतरा पूर्ण. त्याला शिक्षण सोडून एका फुटबॉल अकॅडमीत जायचंय, ते लोक काही लाख रुपये मागताहेत आणि परदेशात ट्रायल करून देतो, तिथल्या क्लबात लावतो म्हणतात. तुमची ती ओळ वाचल्यापासून म्हणतो बघ आई, तो कुठे शिकला. मी काय सांगू त्याला?

उत्तर : ताई, आधी त्याला हे सांगा की तो शिकला. अप्रेंटिसशिप म्हणजे शिक्षणच. आणि त्याच्या घरात खेळाचं वारं आधीपासून होतं. वडील योसेफ प्रोफेशनल फुटबॉलर, पोलंडमध्ये ओद्रा ओपोलेकडून आणि मग फ्रान्समध्ये ओझेअरकडून खेळलेले, आई बार्बारा पोलंडच्या राष्ट्रीय टीममधून हँडबॉल खेळलेली. एवढे दोन खेळाडू घरात असूनही मुलाच्या हाताला सुतारकाम होतं.

आता पैशाचं, आणि हे जरा घट्ट ऐका. प्रोफेशनल क्लब खेळाडूला पैसे देतो, त्याच्याकडून घेत नाही. क्लोझेला होम्बुर्गने, कायझरस्लाउटर्नने घेतलं ते त्याचा खेळ बघून. शिवाय फिफाचा नियमच आहे की 18 वर्षांखालच्या खेळाडूची दुसऱ्या देशातल्या क्लबात ट्रान्सफर साधारणपणे होत नाही, जे अपवाद आहेत ते मोजके आणि ते तुमच्या मुलाला लागू पडतील असं दिसत नाही. म्हणजे सतरा वर्षांच्या मुलाला आता पैसे भरा, परदेशी क्लबात लावतो असं कोणी सांगत असेल तर पहिला प्रश्न हाच विचारायचा, की नियमात बसवणार कसं? उत्तर गोलमोल आलं की उठून या.

अकॅडमी चांगल्याही असतात, सगळ्यांना एका माळेत ओवत नाही मी. ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशन अकॅडम्यांना मान्यता देतं, ती आहे का बघा. त्यांची टीम वयोगटाच्या कोणत्या अधिकृत लीगमध्ये खेळते ते विचारा. कोचकडे कोणतं लायसन्स आहे ते कागदावर मागा, आणि दोन-तीन वर्षांपूर्वी तिथे होते त्या मुलांच्या आईवडिलांचे फोन नंबर मागा, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण माहितीपत्रकात नसतं ते आईवडील सांगतात. आणि काही झालं तरी बारावीची परीक्षा देऊ दे त्याला. फेब्रुवारी-मार्चनंतरही फुटबॉल तिथेच असतो.

प्रश्न : मी शहादा तालुक्यात आश्रमशाळेत क्रीडाशिक्षक आहे. आमची पोरं पळण्यात कोणाला ऐकत नाहीत, पण बॉल डोक्यावर आला की डोळे मिटतात आणि मान खाली घालतात. क्लोझेचे हेडर इतके कसे बसायचे? आणि लहान मुलांना शिकवावं का?

उत्तर : सर, हा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. 2002 च्या वर्ल्ड कपमध्ये क्लोझेने पाच गोल मारले आणि पाचच्या पाच डोक्याने. सप्पोरोला सौदी अरेबियाला जर्मनीने 8-0 हरवलं त्यात तीन, मग आयर्लंड आणि कॅमेरूनविरुद्ध एकेक. एका वर्ल्ड कपमध्ये पाच हेडर त्याआधी कोणीच मारले नव्हते.

त्या गोलांचे व्हिडिओ मुलांना दाखवाल तेव्हा बॉलकडे बघू नका म्हणावं, क्लोझेच्या पायांकडे बघा. बॉल अजून विंगवर दुसऱ्याच्या पायात असतो तेव्हा हा डिफेंडरच्या पाठीमागे, त्याला दिसणार नाही असा उभा असतो. क्रॉस, म्हणजे बाजूने गोलसमोर येणारा उंच पास, उचलला जाणार हे कळलं की दोन पावलं चुकीच्या बाजूला टाकतो, डिफेंडर तिकडे झुकतो, आणि मग हा त्याच्या पुढून आत घुसतो. शेवटची दोन पावलं लांब आणि जोरात. उडी बॉल जवळ आल्यावर नाही, आधीच, त्यामुळे तो वर असतो तेव्हा समोरचा अजून वर चढत असतो. कमरेतून मागे जाऊन पुढे येतो, मान कडक, बॉल कपाळाला लागतो टाळूला नाही, डोळे शेवटपर्यंत उघडे. आणि बहुतेक वेळा बॉल खाली जमिनीकडे मारलेला, कारण टप्पा पडून आलेला बॉल अडवणं गोलकीपरला जड जातं. तो काही ताडमाड उंच नव्हता, सहा फुटांच्या आसपास, युरोपच्या डिफेंडरांपुढे मध्यमच. उंचीने नाही, वेळेने जिंकायचा.

लहान मुलांचं मात्र जपून करा. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने 10 वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडर बंद केलेत, इंग्लंडमध्ये 2020 पासून प्राथमिकच्या वयाच्या मुलांना प्रॅक्टिसमध्ये हेडर शिकवू नका असं सांगितलेलं आहे, कारण डोक्याला पुन्हा पुन्हा बसणारा मार वाढत्या मेंदूला चांगला नाही. तेव्हा तुमच्या पाचवी-सहावीच्या पोरांना फुगा किंवा हलका प्लास्टिकचा बॉल घेऊन फक्त उडीची वेळ आणि उघडे डोळे एवढंच शिकवा, तेही खेळ म्हणून. मोठ्या मुलांनाही हाताने जवळून फेकलेला बॉल, थोडाच वेळ. पावसात भिजलेला किंवा दगडासारखा फुगवलेला बॉल डोक्यावर घेऊ देऊ नका. डोळे मिटतात ते भीतीने, भीती जाते ती हलक्या बॉलने, ओरडून नाही.

प्रश्न : भाऊ राम राम, धुळ्याहून. तुमनं पान मी दर खेपले वाचस. पण 16 गोलांचं एवढं काय? निम्मे गोल तर रिकाम्या जाळीत ढकललेले. मारादोना, मेस्सी पाच माणसांना कापून जातात. हा फक्त योग्य जागी उभा राहायचा. उगाच मोठं करू नका.

उत्तर : राम राम दादा. पाच माणसांना कापत जाणं क्लोझेला जमायचं नाही, मान्य. मी त्याला मारादोनाच्या पंगतीत बसवतही नाही. पण 'फक्त योग्य जागी उभा राहायचा' यातला तो 'फक्त' मला मान्य नाही.

21 जून 2014, फोर्टालेझा, जर्मनी विरुद्ध घाना. जर्मनी 1-2 ने मागे. 69व्या मिनिटाला क्लोझे सब म्हणून आत आला, वय 36. दोनच मिनिटांत कॉर्नर मिळाला, टोनी क्रोसने मारला, हॉवेडेसने डोक्याने बॉल पुढे सरकवला आणि लांबच्या पोलजवळ क्लोझे घसरत आला आणि पाय लावला, 2-2. बघताना वाटतं काय एवढं, एक मीटरवरून तर मारला. पण तो बॉल तिथे येणार हे आत दोन मिनिटंच झालेल्या माणसाला कळलं, आणि सत्तर मिनिटं तिथेच राबणाऱ्या घानाच्या डिफेंडरांना कळलं नाही. तो त्याचा वर्ल्ड कपमधला 15वा गोल, ब्राझीलच्या रोनाल्डोच्या वर्ल्ड कपमधल्या सर्वाधिक गोलांच्या रेकॉर्डची बरोबरी.

मग 8 जुलै, बेलो होरिझोन्ते, सेमीफायनल, समोर खुद्द ब्राझील. 23व्या मिनिटाला याचा पहिला शॉट गोलकीपर ज्युलियो सेझारने अडवला, बॉल परत आला, आणि दुसऱ्या प्रयत्नात आत. 16वा. रोनाल्डो त्या दिवशी त्याच स्टेडियममध्ये टीव्हीसाठी हजर होता, त्याच्या डोळ्यादेखत त्याचा रेकॉर्ड गेला. पुढच्या सहा मिनिटांत जर्मनीने अजून तीन मारले आणि शेवट 7-1 झाला, ते जगाला माहितीये. माझं लक्ष मात्र नेहमी त्या रिबाउंडवर जातं. पहिला शॉट अडवला गेला की दहातले नऊ जण डोक्याला हात लावतात, त्याच्या पायांना थांबणं माहितीच नव्हतं.

आणि 2006, बर्लिन, क्वार्टर फायनल, अर्जेंटिना 1-0 ने पुढे, दहा मिनिटं उरलेली. बालाकचा क्रॉस, बोरोव्स्कीने पुढे ढकलला, क्लोझेचा हेडर, 1-1, आणि मग जर्मनी पेनल्टीवर जिंकली. रिकामी जाळी नव्हती ती.

आकड्यांत बोलायचं तर देशासाठी 137 मॅच, 71 गोल, जर्मनीचा सर्वाधिक. त्याच्या आधी रेकॉर्ड गेर्ड मुलरचा होता, 68 गोल आणि तेही 62 मॅचमध्ये, म्हणजे गोलांच्या वेगात मुलर कितीतरी पुढे आणि मी विचाराल तर जर्मनीचा सर्वात घातक फिनिशर आजही मुलरच. पण क्लोझेचा एक आकडा मला सगळ्यात आवडतो. ज्या ज्या मॅचमध्ये त्याने जर्मनीसाठी गोल मारला त्यातली एकही जर्मनी हरली नाही. चार वर्ल्ड कप खेळला आणि चारही वेळा टीम किमान सेमीफायनलला, 2002 ला दुसरी, 2006 आणि 2010 ला तिसरी, 2014 ला चॅम्पियन. दादा, उभं राहायची जागा एवढी सोपी असती तर तिथे गर्दी झाली असती ना.

प्रश्न : चाळीसगाव. बायर्न म्युनिक क्लबमध्ये तर क्लोझे फेल गेला होता असं वाचलं, मग वर्ल्ड कपमध्ये कसा चालायचा?

उत्तर : फेल म्हणणं जास्त होईल, पण प्रश्न बरोबर आहे. आधी वेर्डर ब्रेमेन क्लबला 89 लीग मॅचमध्ये 53 गोल मारले, 2005-06 ला 25 गोलांसह बुंडेसलीगाचा टॉप स्कोअरर आणि त्याच उन्हाळ्यात घरच्या वर्ल्ड कपला पाच गोल मारून गोल्डन बूट, म्हणजे सर्वाधिक गोलांचं बक्षीस. 2007 ला बायर्न म्युनिकला गेला. सुरुवात बरी होती, टायटलही जिंकली, पण हळूहळू बेंचवर सरकला, त्याच्या पुढे गोमेझ, ओलिच हे स्ट्रायकर. 2009-10 च्या पूर्ण सीझनमध्ये बुंडेसलीगात त्याचे गोल फक्त तीन. तीन! आणि त्यानंतर लगेच साउथ आफ्रिकेत वर्ल्ड कप होता.

इथे कोच योआखिम लोव्हचं कौतुक करायला पाहिजे. जर्मनीत ओरड चालू होती याला का नेतोय म्हणून, पण लोव्हने त्याला नेलं आणि खेळवलं. कारण त्या टीमचा खेळ याच्या धावांवर बसवलेला होता, क्लोझे डिफेंडरांना ओढून न्यायचा आणि मागे ओझील, थॉमस मुलरला जागा मिळायची. चार गोल मारले त्याने, त्यातले दोन अर्जेंटिनाला 4-0 हरवलं तेव्हाचे, आणि ती त्याची देशासाठी 100वी मॅच होती. मध्ये सर्बियाविरुद्ध रेड कार्डही खाल्लं, ते सांगायला पाहिजे. क्लबमध्ये सीट गेली म्हणून खेळ जात नाही, मात्र विश्वास ठेवणारा एक कोच लागतो.

2011 ला 33व्या वर्षी इटलीत लाझिओला गेला. लोक म्हणाले आता पेन्शन. मे 2013 मध्ये बोलोन्याविरुद्ध एका मॅचमध्ये पाच गोल मारले, आणि त्याच महिन्यात लाझिओने फायनलमध्ये रोमाला 1-0 हरवून इटालियन कप जिंकला. 2016 पर्यंत खेळला तिथे.

प्रश्न : मी जळगावात दुकान चालवतो. असं ऐकलं की रेफरीने दिलेला गोल त्याने स्वतःहून नाकारला. याला मोठेपणा म्हणायचं की बावळटपणा? टीमचं नुकसान नाही का?

उत्तर : दोन वेगळे किस्से आहेत शेठ, दोन्ही सांगतो. पहिला एप्रिल 2005 चा, ब्रेमेन विरुद्ध आर्मिनिया बीलेफेल्ड, स्कोअर 0-0. क्लोझे पेनल्टी बॉक्समध्ये पडला, रेफरीने पेनल्टी दिली, हा उठून म्हणाला की नाही, पेनल्टी नाहीये. रेफरीने निर्णय फिरवला. ब्रेमेन ती मॅच पुढे 3-0 ने जिंकलं, त्यामुळे हा किस्सा सगळे आवडीने सांगतात. त्याला फेअर प्लेचं बक्षीस जाहीर झालं तर त्याला ते नकोच होतं, त्याच्या मते यात विशेष असं काही नव्हतंच.

दुसरा किस्सा जास्त कसोटीचा. सप्टेंबर 2012, लाझिओ विरुद्ध नापोली, नापोलीच्या घरच्या मैदानावर. सुरुवातीलाच कॉर्नरवर बॉल याच्या हाताला लागून आत गेला, रेफरीने गोल दिला. नापोलीचे खेळाडू ओरडत होते, याने रेफरीला सांगितलं, हाताला लागला. गोल रद्द. आणि लाझिओ ती मॅच 3-0 ने हरलं. म्हणजे दरवेळी खरं बोलल्यावर बक्षीस मिळतंच असं नाही, इथे तर नुकसानच झालं.

तरी मी याला बावळटपणा म्हणणार नाही, अजिबात नाही. टीमचं नुकसान म्हणाल तर जो गोल झालाच नाही तो टीमचा कधी होता? रेफरीला दिसलं नाही एवढंच. आपल्याकडच्या तालुका लेव्हलच्या मॅचमध्ये थ्रो कोणाचा यावरून टीम मैदान सोडून जातात, लहान पोरं बाहेर बसून ते बघत असतात. तिथे कोणी एकाने 'माझ्या पायाला लागून गेला' म्हणून हात वर केला तर ती मॅच कशी बदलेल याचा विचार करा. आणि तुम्ही दुकान चालवता, गिऱ्हाइकाने चुकून पाचशेची नोट जास्त दिली तर तुम्ही काय करता ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहिती आहे.

प्रश्न : नवापूरहून. आमचं स्टेशन निम्मं महाराष्ट्रात निम्मं गुजरातमध्ये, त्यामुळे हा प्रश्न आम्हाला पडणारच. क्लोझे पोलिश की जर्मन?

उत्तर : वा, नवापूरकरच हे विचारू शकतात. जन्म पोलंडचा, वडिलांकडून घराणं जर्मन वंशाचं, आठव्या वर्षी जर्मनीत आला तेव्हा जर्मन भाषेतले फक्त दोन शब्द येत होते, 'हो' आणि 'धन्यवाद'. शाळेत काय हाल झाले असतील कल्पना करा, पण मैदानावर भाषा लागत नाही. बुंडेसलीगात चमकायला लागला तसं पोलंडच्या कोचनेही त्याला विचारलं होतं, त्याने जर्मनी निवडली. पण पोलिश सोडली नाही, घरात मुलांशी पोलिश बोलायचा. आपल्याकडे घरात अहिराणी किंवा गुजराथी आणि शाळेत मराठी असणाऱ्यांना यात नवल वाटायचं कारण नाही. मला विचाराल तर तो दोन्हीचा, जर्सी जर्मनीची.

प्रश्न : चोपडा. सध्या काय करतो? आणि 2014 ची फायनल खेळला का?

उत्तर : खेळला, सुरुवातीपासून, माराकानावर अर्जेंटिनाविरुद्ध. 88व्या मिनिटाला बाहेर आला आणि त्याच्या जागी मारिओ गोट्झे गेला, त्याच गोट्झेने 113व्या मिनिटाला गोल मारून कप जिंकून दिला. त्यानंतर क्लोझेने देशाच्या टीममधून निवृत्ती घेतली. पुढे लोव्हच्या हाताखाली राष्ट्रीय टीमच्या कोचिंगमध्ये, मग बायर्नच्या 17 वर्षांखालच्या टीमचा कोच, मग हान्सी फ्लिकचा असिस्टंट, मग ऑस्ट्रियात आल्टाख क्लबला, आणि 2024 मध्ये न्यूर्नबर्गचा कोच झाला. कोचिंगमध्येही बघा, खालच्या पायरीपासून.

प्रश्न : मी सहावीत आहे, पाचोरा. क्लोझे गोल मारल्यावर कोलांटउडी मारतो तशी मला शिकायची आहे. कशी मारायची?

उत्तर : बेटा, ती हवेतली कोलांटउडी, हात न टेकवता. तो लहानपणापासून मारायचा आणि त्याची ओळखच झाली होती ती. पण घानाविरुद्ध 36व्या वर्षी मारली तेव्हा त्यालाही नीट उतरता आलं नाही, बुडावर आपटला, आणि तिथे तर मऊ हिरवळ होती. आपल्याकडे काळ्या मातीचं ग्राउंड उन्हाळ्यात तडकतं आणि सिमेंटसारखं टणक होतं, तिथे ही उडी अजिबात मारायची नाही, मान मोडते. शाळेत जिम्नॅस्टिक्सची गादी असेल तर पीटीच्या सरांसमोर, सर धरतील तेव्हाच, आणि आधी साधी कोलांटी पक्की झाल्यावर. तोपर्यंत गोल मारलास की ज्याने पास दिला त्याच्याकडे पळत जा आणि त्याला मिठी मार.